पाण्याबरोबर चालणारे तात्या

तात्यांनी मला माझ्या नावानं एकदाही हाक मारली नाही. आमच्या बारामतीच्या ऑफिसात ते पहिल्यांदा आले तेव्हा मी उठून नाव सांगितलं. त्यांनी हात हलवला. "ते ऱ्हाऊ दे. गाव कंचं?"

"कऱ्हाटी."

"हां. मग बस, कऱ्हाटी."

झालं. तेव्हापासून मी कऱ्हाटीच राहिले. माझ्या शेजारी बसून सॉफ्टवेअर तपासणारा मुलगा भिगवण. आमचे मालक प्रसादसर जन्मानं पुण्याचे, त्यांना तोंडावर 'सायेब' आणि पाठीमागं 'पुनं'. आमच्या चौघांच्या ऑफिसात तात्या आले की टपालखात्यात बसल्यासारखं वाटायचं.

ही त्यांची नोकरीतली सवय होती. सर्जेरावतात्या इंदापूरच्या बाजूला एका चारीवर तीस वर्षं पाटकरी होते. कालव्यातून जो लहान पाट फुटतो ती चारी, आणि चारीतून एकेकाच्या रानात जिथून पाणी घेतात ते दार. कुणाचं दार किती वाजता उघडायचं आणि किती वाजता लावायचं, हे पाटकऱ्यानं बघायचं. तात्यांच्या चारीवर तेवीस दारं होती. माणसं मरायची, भावाभावांत वाटण्या व्हायच्या, दारं मात्र तीच. त्यामुळे तात्यांना माणूस आधी दारानं आठवायचा, मग गावानं, आणि अगदीच अडलं तर नावानं.

अंगानं ठेंगणे, काटक. मानेवर टॉवेल. पायजम्याचे पाय कायम पोटरीच्या वर सरकवलेले, निवृत्त झाल्यावरसुद्धा, जणू आत्ता पाटात उतरायचं आहे. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. त्या घड्याळावरूनच चारीवरचे लोक त्यांना 'घड्याळ' म्हणायचे. ते काही चेष्टेनं नव्हे. तात्यांचं दार मिनिटभर आधी उघडलं नाही आणि मिनिटभर उशिरा लागलं नाही, अशी त्यांची ख्याती होती.

ह्या ख्यातीची एक गोष्ट मी निदान सहा जणांकडून ऐकली. चारीवर सगळ्यात मोठी बागायत आबांची. पुढं ते पाणीवापर संस्थेचे चेअरमन झाले, पण तेव्हा तरणेबांड होते आणि जीप घेऊन फिरायचे. एकदा त्यांनी जीप चारीवर उभी केली आणि म्हणाले, "तात्या, धाच मिन्टं आधी उघडा. मला लग्नाला जायचंय." तात्या दाराच्या चाकावर जाऊन बसले, मनगट आबांपुढं धरलं आणि म्हणाले, "आबा, तुमी लग्नाला जावा. पाणी आपल्या टायमाला येतंय, त्येला लग्न न्हाय." दहा मिनिटं दोघंही तसेच. मग तात्या उठले आणि चाक फिरवलं. आबा ही गोष्ट स्वतः हसत हसत सांगायचे, पण सांगताना शेवटी जरा गंभीर व्हायचे.

तात्यांची दुसरी तऱ्हा म्हणजे सगळं शेवटापासून करायचं. पाळीचा नियमच तसा: पाणी आधी चारीच्या शेवटच्या दाराला, मग वरवर येत माथ्याला. माथ्याच्या माणसाला पाणी कधीही मिळतं, शेवटच्याला आधी दिलं नाही तर मिळतच नाही. हा नियम तात्यांच्या अंगात इतका भिनला होता की ऑफिसात पेढे आणले तर दाराजवळच्या टेबलाला ओलांडून आधी आतल्या कोपऱ्यात जायचे. नातीच्या लग्नात पंगतीच्या शेवटच्या पानापासून वाढायला लावलं. आणि एवढ्यावर थांबायचे नाहीत. शेवटच्या पानाला वाढून झालं की मांडवामागं जाऊन भांडी घासणाऱ्या बाया जेवल्या का ते विचारून यायचे. "शेवट संपला आसं वाटतं, तितं आजून कुनीतरी आसतंय," म्हणायचे.

माझा स्वभाव तसा खवचट. मला हा सगळा प्रकार सुरुवातीला थोडा नाटकी वाटायचा. पण एकदा चहाच्या गाडीवर उभे असताना तात्या मधेच म्हणाले, "आता पाणी अकराव्या दाराला आलं आसंल." मी मुद्दाम नव्या पाटकऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, आत्ताच अकरावं ओलांडलं. मी तात्यांकडं बघितलं, तर ते बशीत फुंकर घालत होते. तीस वर्षं पाण्याच्या तोंडाबरोबर चालले होते ते. पाट कोरडा असला की सुटलेलं पाणी धावत नाही, चाचपत येतं. त्या वेगानं तात्या त्याच्या कडेनं चालायचे, ते थांबलं की थांबायचे. त्यांची एरवीची चालही तशीच झाली होती. त्यांच्याबरोबर रस्ता ओलांडायचा म्हणजे माझा जीव अर्धा व्हायचा.

आमच्याकडं ते आले ते संस्थेच्या कामासाठी. संस्थेला पाळीपत्रक मोबाईलवर हवं होतं: कुणाची पाळी कधी, त्याचा मेसेज, दार उघडल्याची नोंद, तक्रारीचं बटन. माहिती द्यायला तात्या. त्यांनी आपली वही आणली, मी ती संगणकात चढवली. तेविसाव्या दाराला, हौसाबाईच्या नावापुढं, समासात बारीक अक्षरात 'दीड' लिहिलं होतं.

"तात्या, हे काय?"

तात्यांनी पंख्याकडं बघितलं. "ते आसंच. आमचं आपलं."

मी त्याच्यासाठी 'टीप' नावाचा रकाना केला. मग बघितलं तर बावीस घरं रिकामी आणि एकाच घरात हा 'दीड'. असलं काही दिसलं की आमच्या धंद्यातल्या माणसाचा हात शिवशिवतो. मी रकानाच काढून टाकला. तक्ता कसा स्वच्छ दिसायला लागला.

कालव्याचं पहिलं आवर्तन, म्हणजे पाण्याची एक फेरी, आमच्या पाळीपत्रकावर झालं. पंधरा दिवसांनी तात्या ऑफिसात आले, बसले नाहीत. प्रसादसरांना म्हणाले, "सायेब, हौसाबाईला पाणी कमी पडलं. अर्धी भेंडी वाळली तिची."

हौसाबाई एकटी बाई. चारीच्या टोकाला एक एकर, त्यात भेंडी आणि गवार, इंदापूरच्या बाजारात स्वतः बसून विकायची. सरांनी पडद्यावर तिची नोंद उघडली. आठ ते अकरा, तीन तास, एकराला ठरलेत तेवढेच. दार वेळेवर उघडलेलं. तक्रारी शून्य.

"तात्या, सगळं बरोबर दिसतंय."

"दिसतंय व्हय. पन पडलं कमी."

"का पण?"

तात्यांनी टॉवेलानं मान पुसली. मला तेव्हा कळलं नाही की हा माणूस काहीतरी गिळतोय. सर म्हणाले, पुण्याची कॉन्फरन्स दहा दिवसांवर आली आहे, तिथं हेच दाखवायचंय, तोपर्यंत प्रोग्रॅमला कुणी हात लावायचा नाही. आमच्यात तसा दंडकच असतो. दाखवायच्या आधी चालतं ते हलवायचं नाही.

"आन् फुडची पाळी?"

"कॉन्फरन्सनंतर आठ दिवसांनी. बघू तेव्हा."

तात्या जाताना माझ्या टेबलापाशी थांबले. "कऱ्हाटी, मी तिला सबूद देऊन आलोय. फुडच्या पाळीला पाणी टायमात येईल म्हणून. आजून एक पाळी गेली तर ऱ्हायलेली भेंडी पन जाईल." एवढंच बोलून गेले.

कॉन्फरन्सला सरांनी तात्यांना मुद्दाम बोलावलं. खरा पाटकरी सभागृहात बसलेला असला की बरं दिसतं, असा हिशेब. तात्या लगेच हो म्हणाले ह्याचं मला नवल वाटलं. आबाही निघाले, संस्थेचे चेअरमन म्हणून, कडक इस्त्रीत.

मी अशा ठिकाणी पहिल्यांदाच गेले होते आणि बुजले होते हे कबूल करते. विमानतळाएवढं आवार, हजारो पोरंपोरी, प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पट्टी, पाठीवर एकसारखी सॅक. दोन्ही बाजूला कंपन्यांचे स्टॉल, स्टिकर, टी-शर्ट. कोण कुणाशी बोलतंय आणि कोण कानातल्या फोनशी, काही कळत नव्हतं. तात्या गळ्यातली पट्टी उलटीसुलटी करून बघत म्हणाले, "नाव लिवलंय, कंपनी लिवलीय. गावच न्हाय."

मग ते विचारतच सुटले. दाढीवाला एक मुलगा जमिनीवर बसून लॅपटॉप चार्ज करत होता. "गाव?"

"बेसिकली पुणे."

"त्ये न्हवं. आज्याचं गाव."

मुलानं मान वर केली. म्हणाला, "कुर्डुवाडी."

"मग आसं सांग की! शेजारीच तर हाय. बस, बस, कुर्डुवाडी." आणि तात्या त्याच्या शेजारी फतकल मारून बसले. पंधरा मिनिटांत त्या मुलाच्या आज्याच्या विहिरीचा विषय निघाला होता आणि मुलगा चक्क मराठीत बोलत होता.

आमच्या भाषणाला सभागृह भरलं होतं. आबा पहिल्या रांगेत, तात्या अर्थातच शेवटच्या. बसण्याआधी त्यांनी मागं वळून भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पोरांनाही बघून घेतलं. बोलायचं मला होतं. पाळीपत्रक दाखवलं, मेसेज दाखवले, आणि शेवटी सरांचं आवडतं पान: मोठ्या अक्षरात 'तक्रारी शून्य'. टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

प्रश्न विचारा म्हटल्यावर शेवटच्या रांगेत एक हात वर गेला. मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ. एका मुलीनं धावत जाऊन माईक दिला.

"मी सर्जेराव. तेवीस दारांचा पाटकरी," तात्या उभे राहून म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "तक्रार शून्य हाय, ते खरं हाय. तक्रारीचं बटन फोनात हाय आन् हौसाबाईकडं फोनच न्हाय. तिच्या पाळीचा मेसेज ज्याच्या फोनवर जातोय त्यो भाचा असतोय चाकणला."

कुणीतरी हसलं. तात्या पुढं बोलले.

"सगळ्यांला सारका येळ दिलाय, त्येबी खरं. पन पाणी बटन दाबलं की पोचत न्हाय. कोरडा पाट आधी सोता पितो, मग फुडं सोडतो. शेवटच्या दाराला पोचायला दीड तास लागतोय. त्यो दीड तास बाईच्या तीन तासांतनं जातोय. मी काय करायचो, कागदावर आठ आसलं की साडेसहालाच चारीच्या माथ्याचं, वरचं दार उघडायचो. दर पाळीला. तीस वर्षं. कुनाला सांगितलं न्हाय. फकस्त वहीत लिवलं, नवा पाटकरी त्येच बघून उघडायचा. नियमानं ती चोरीच हाय. लोक मला घड्याळ म्हनत्यात. आबा, तुमाला मी धा मिन्टं दिली न्हवती. म्हणून हे सांगायची लाज वाटली मला. माझ्या लाजंपायी बाईची अर्धी भेंडी गेली. तेवडंच सांगायला आलो हुतो."

आणि ते बसले. पहिल्या रांगेत आबा खुर्चीसकट मागं वळले होते. सरांचा चेहरा मला बघवेना.

अर्ध्या सभागृहाला मराठी येत नव्हतं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी मला सांगितलं, काका काय म्हणाले ते इंग्रजीत सांगा. मी सांगितलं. दीड तास, कोरडा पाट, तीस वर्षं, सगळं. सांगता सांगता मला समासातला तो 'दीड' दिसायला लागला. शेवटी एक वाक्य मी माझ्या पदरचं घातलं: त्यांनी ते वहीत लिहिलं होतं आणि मी तो रकाना काढून टाकला. टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. पुढचा वक्ता स्टेजच्या पायरीवर येऊन उभा होता. आमची वेळ संपली.

बाहेर येऊन मी तात्यांना म्हटलं, "दीड तास आजच घालते. पण बाकीच्या दारांचं काय? मधल्यांचाही थोडाथोडा जात असणार."

"जातोय की. रातीला पाणी बंद, सकाळी पाट पुन्ना कोरडा. दर दाराला येगळा."

"मग सांगा, लिहून घेते."

तात्यांनी डोळे मिटले. दोन-तीन दारं सांगितली आणि अडले. "बसून न्हाय येत. पायात हाय त्ये. चालावं लागंल."

आणि ते चालायला लागले. त्या स्टॉलच्या लांबलचक गल्लीत, गालिच्यावरून, हात मागं बांधून, पाण्याच्या चालीनं. मी मोबाईलवर वेळ लावून शेजारून. गल्ली संपली की वळायचे आणि परत उलट. "येक नंबर," म्हणाले की मी वेळ लिहायची. "दोन नंबर." मग एकदम थांबले. "हितं मुरूम हाय. पाणी मुरतंय." आम्ही एका कंपनीच्या स्टॉलपुढं उभे. स्टॉलवरच्या मुलीला वाटलं आजोबांना काही हवंय. तिनं एक निळा टी-शर्ट हातात दिला. तात्यांनी तो खांद्यावर टाकला, नजर जमिनीवरून न हलवता, आणि मुरूम भिजल्यावर पुढं निघाले. घाईघाईनं जाणारी पोरं आम्हाला वळसा घालून जात होती. कुणी फोटो काढले. सातव्या दारापाशी कुर्डुवाडी पाण्याची बाटली घेऊन आला आणि काही न विचारता बरोबर चालायला लागला. बाजूच्या सभागृहात उद्याच्या जगाबद्दल मोठी मोठी भाषणं चालली होती, आणि मी आयुष्यात इतकं हळू कधी चालले नव्हते. मला रडू येत होतं आणि ते का, हे सांगता आलं नसतं.

तेविसावं दार आलं तेव्हा एक तास एकतीस मिनिटं झाली होती. तात्यांचं तोंड वाकडं झालं. "येक मिनिट जास्त. गालिचा हाय, पाय रुततोय."

परत येताना सर गाडी चालवत होते, शेजारी आबा, मागं तात्या आणि मी. संस्थेच्या चेअरमनच्या मंजुरीशिवाय पाळीपत्रकात काही बदलता येणार नव्हतं, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. भिगवणला हायवेच्या हॉटेलात मासे आले. आबांनी भाकरी मोडली आणि तशीच हातात धरली.

"तात्या, माझ्या पाळीला कदी उघडलं का आधी?"

"तुमचं दार दोन नंबरचं. तुमाला पाणी धा मिन्टांत पोचतंय. गरज न्हवती."

"धाच मिन्टं मागितली हुती मी."

"व्हय. तुमी लग्नासाठी मागितली हुती."

आबांनी ताटातला माशाचा मोठा तुकडा उचलला, तात्यांच्या ताटात ठेवला आणि मला म्हणाले, "लिव गं. तात्यांच्या पायानं काय म्हनलंय त्येच लिव. कागदावर येऊ दे. चोरी कशाला म्हनायचं?" तात्या खूप वेळ काटे काढत बसले. सरांनी मात्र घसा खाकरून विचारलं, बटनाऐवजी साध्या फोनवरून तक्रार घेता येईल का. येईल, म्हटलं.

आठ दिवसांनी पाळी. मी सकाळच्या एसटीनं इंदापूरला गेले आणि तिथून एकाच्या दुचाकीवर चारीच्या टोकाला. हौसाबाई खोरं घेऊन दाराशी उभी होती. मला ओळखत नव्हती. "तुमी आफिसच्या का?" म्हणाली. मी हो म्हटलं, आणि भेंडीकडं बघितलं नाही. जी वाळली होती ती उपटून बांधावर टाकली होती.

तात्या दिसले ते लांबून. साडेसहाला वरचं दार उघडलं होतं, पाळीपत्रकानं सांगून, नव्या पाटकऱ्यानं, सगळ्यांच्या देखत. तात्यांना काही कामच नव्हतं तिथं. तरी चारीच्या कडेनं चालत येत होते, अंगात तो निळा टी-शर्ट, मानेवर टॉवेल, हात मागं. त्यांच्या पायाजवळ पाण्याचं तोंड, काडीकचरा पुढं ढकलत, थांबत, वळत. मी घड्याळ बघितलं. आठाला दोन मिनिटं कमी असताना पाणी हौसाबाईच्या दाराशी आलं. तिनं खोऱ्यानं माती ओढली आणि पाणी रानात वळलं.

"तात्या, च्या टाकते," ती म्हणाली.

"टाक. मी फुडं कुनी हाय का बघून येतो."

"फुडं वढाच हाय की वो."

"व्हय. पन बघून येतो."

माझी परतीची एसटी होती, मला थांबता आलं नाही. तात्यांशी नीट बोलायचं, माफी मागायची, हे पुढच्या खेपेला करू असं ठरवलं. त्याच उन्हाळ्यात ते गेले. मला तिसऱ्या दिवशी कळलं, आणि मी ती माफी मागितली नाही ह्याचं अजून वाईट वाटतं.

त्या सकाळी दुचाकीवर बसताना मी मागं वळून बघितलं होतं. हौसाबाईच्या दारातून निसटलेलं थोडंसं पाणी ओढ्याच्या बाजूला चाललं होतं, आणि त्याच्याबरोबर तात्या.